रंगभूषा आणि वाणी : आंग्लभाषी रंजनव्यवसायातील पात्रयोजनेचा एक भाषिक आलेख

रंगभूमी आणि चित्रपट यांतील वांशिक चित्रणाचा विचार बहुधा रंगभूषेच्या अंगाने केला जातो. गोऱ्या नटाने तोंडाला काजळी फासली, की त्याने परवंशाचे सोंग घेतले हे चटकन दिसते आणि त्याचे छायाचित्रही मागे उरते. सोंगाचे दुसरे अंग जे वाणी, त्याकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. चेहऱ्यावरचा रंग उतरल्यानंतरही उच्चारातला रंग दीर्घकाळ टिकून राहिला, आणि नटाला दार उघडे करण्याचे अथवा बंद करण्याचे काम त्याने तितक्याच समर्थपणे केले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आरंभ १८२५ सालच्या एका प्रसंगापासून करता येईल. न्यूयॉर्क येथे जन्मलेला कृष्णवर्णीय नट आयरा ऑल्ड्रिज त्या वर्षी लंडनच्या रंगभूमीवर उभा राहिला. एका प्रमुख दैनिकाच्या समीक्षकाने असा अभिप्राय दिला की, ओठांच्या ठेवणीमुळे या मनुष्याला इंग्रजीचे शुद्ध उच्चारण साधणेच अशक्य आहे. ध्वनिशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही या विधानाला हसेल. कारण उच्चार घडतो तो भाषिक परिसराने, वंशाने नव्हे. तथापि पुढील दीड-दोनशे वर्षांच्या पात्रयोजनेचे बीज या विधानात आहे. वाणी हा देहाचा धर्म मानला, म्हणजे परक्या देहाच्या मनुष्याला ‘आपली’ भाषा बोलण्याचा अधिकार नाकारता येतो.

अमेरिकेत १८३० च्या सुमारास टॉमस राइस या गोऱ्या नटाने ‘जिम क्रो’ नावाचे कृष्णवर्णीय पात्र लोकप्रिय केले. १८४३ मध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या चौघांच्या मंडळीने जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून संपूर्ण कार्यक्रम सादर करण्याची प्रथा रूढ केली. या खेळांतील बोली कृष्णवर्णीयांच्या बोलीचे अनुकरण म्हणून सादर केली जाई. वस्तुतः तिची घडण विनोदाच्या गरजेतून झाली होती. भारदस्त शब्दांची मोडतोड, व्याकरणाचा स्वैर गोंधळ, आणि छापील संहितेत उच्चार न बदलताही केवळ अडाणीपणा सुचविण्यासाठी वाकडी केलेली वर्णरचना, ही तिची लक्षणे होत.

खऱ्या बोलीचे स्वरूप याहून सर्वस्वी भिन्न आहे. विल्यम लॅबोव्ह यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘असणे’ या अर्थाचे सहायक रूप गळते. परंतु ते वाटेल तेथे गळत नाही. प्रमाण इंग्रजीत जेथे त्या रूपाचा संक्षेप होऊ शकतो तेथेच ते येथे गळू शकते. जेथे संक्षेप होत नाही तेथे गळतही नाही. म्हणजे रंगभूमीने ज्याला गोंधळ म्हणून विकले, तो नियमबद्ध व्यवहार होता.

या कृत्रिम बोलीची सत्ता किती होती हे बर्ट विल्यम्स (१८७४–१९२२) याच्या उदाहरणावरून कळते. हा थोर विनोदी नट बहामा बेटांत जन्मलेला. तो स्वतः कृष्णवर्णीय असूनही त्याला तोंडाला काजळी फासावी लागली आणि आपली नसलेली रंगभूमीवरील बोली शिकून घ्यावी लागली. प्रेक्षकांना माणूस नको होता. त्यांना सोंगाची खात्री हवी होती.

नभोवाणीने हा प्रश्न निव्वळ रूपात पुढे आणला, कारण तेथे चेहराच नाही. मार्च १९२८ मध्ये शिकागोहून ‘एमॉस अँड अँडी’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातील कृष्णवर्णीय पात्रे फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल या दोघा गोऱ्या नटांनी केवळ आवाजावर उभी केली, आणि साऱ्या देशाने ती ऐकली. १९५१ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली तेव्हा भूमिका कृष्णवर्णीय नटांना मिळाल्या. परंतु पात्रांचा साचा पूर्वीचाच राहिला; दोन गोऱ्यांनी आवाजाने घडविलेली माणसे आता कृष्णवर्णीयांनी वठवावयाची होती. कृष्णवर्णीयांच्या प्रमुख नागरी हक्क संघटनेने मालिकेचा निषेध केला. १९५३ मध्ये तिची निर्मिती थांबली आणि १९६६ मध्ये पुनःप्रक्षेपणही मागे घेण्यात आले. नटाचा वर्ण बदलला म्हणजे चित्रण बदलतेच असे नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

आशियाई पात्रांचा इतिहास याला समांतर आहे. चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराची भूमिका मूकपटांत जपानी नटांनी केली होती. १९३१ पासून बोलपटांत ती स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंड याच्याकडे गेली. पडदा बोलू लागला आणि ‘चिनी’ इंग्रजी बोलण्याचे काम एका युरोपियनाकडे आले! या चित्रपटांत चॅनच्या थोरल्या मुलाचे काम करणारा की ल्यूक हा जन्माने चिनी. तो मात्र सरळ अमेरिकन इंग्रजी बोले. स्वतः चॅनची भूमिका त्याला मिळाली ती १९७२ मध्ये, आणि तीही एका व्यंगचित्रमालिकेत, आवाजापुरती.

ॲना मे वाँग हिची कथा अधिक बोलकी आहे. १९०५ मध्ये लॉस एंजलिस येथे जन्मलेली ही नटी १९२९ मध्ये लंडनला एका चिनी कथानकाच्या नाटकात उभी राहिली, तेव्हा तिचे उच्चार फार अमेरिकन असल्याची टीका झाली. तिने शिक्षक नेमून उच्चार घोटले. पुढे ‘द गुड अर्थ’ (१९३७) या चीनच्या शेतकरी जीवनावरील चित्रपटात नायकाचे काम पॉल म्यूनी याला आणि नायिकेचे लुईस रेनर हिला देण्यात आले. रेनरला त्यासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९३० च्या निर्मितिसंहितेने पडद्यावर आंतरवंशीय संबंध निषिद्ध ठरविले होते. कलमाचा शब्दार्थ गौर आणि कृष्ण यांच्यापुरता असला, तरी व्यवहारात त्याची छाया आशियाई नटांवरही पडली. नायक गोरा ठरला, की नायिका चिनी असू शकत नव्हती. त्याच दशकात, १९११ मध्ये मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन ‘द डार्क एंजल’ (१९३५) मधील भूमिकेसाठी ऑस्करच्या नामावलीत आली, ती आपला जन्म टास्मानियात झाल्याचे सांगून.

भारतीय उच्चारांचे सोंग आपल्या अधिक परिचयाचे आहे. पीटर सेलर्स याने ‘द मिलियनेरेस’ (१९६०) आणि ‘द पार्टी’ (१९६८) या चित्रपटांत भारतीय पात्रे रंगविली. ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्रमालिकेतील अपू या दुकानदाराला १९९० पासून हँक अझेरिया याने आवाज दिला. मूर्धन्य ‘ट’ व ‘ड’ आणि सुरांचे हेलकावे अशी दोनचार लक्षणे उचलावयाची आणि ती प्रत्येक वाक्यात अचूक भरावयाची, ही या सोंगाची रीत. प्रत्यक्षात मराठी, तमिळ आणि बंगाली भाषकांची इंग्रजी एक नसते. एकाच भाषकाची इंग्रजीही प्रसंगानुसार बदलते. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू यांच्या अनुबोधपटाने या पात्रावर जाहीर प्रश्न उभा केला. २०२० मध्ये अझेरियाने भूमिका सोडली, आणि त्याच वर्षी गोऱ्या नटांनी अन्य वंशीय पात्रांना आवाज देऊ नये असे मालिकेने ठरविले.

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. अभिनय म्हणजे परकायाप्रवेश. मग नटाला वंशाची मर्यादा का? स्वतः ऑल्ड्रिजने गोरी रंगभूषा करून लिअर आणि शायलॉक वठविले होते. आक्षेप तत्त्वतः खरा आहे. परंतु तो समान विनिमय गृहीत धरतो, आणि इतिहासात तसा विनिमय नव्हता. ऑल्ड्रिजचे उदाहरण विरळा आहे. राइस, ओलंड आणि रेनर यांची परंपरा दीर्घ आहे. एकाला सर्व वाणी खुल्या आणि दुसऱ्याला त्याची स्वतःचीही वर्ज्य, या स्थितीत परकायाप्रवेशाचे तत्त्व एकाच बाजूची सोय होऊन बसते. पॉल रोबसन याचा ‘ऑथेल्लो’ १९४३ मध्ये ब्रॉडवेवर आला आणि त्याचे २९६ प्रयोग झाले. म्हणजे प्रेक्षक तयार नव्हते हे कारणही पुरते टिकत नाही.

ज्यांना या विषयात संशोधन करावयाचे आहे त्यांनी जुन्या ध्वनिमुद्रिका आणि बोलपट ही भाषिक साधने म्हणून हाताळावीत. कोणते ध्वनी उचलले, कोणते गाळले, आणि ज्यांची बोली म्हणून ती सादर झाली त्यांच्या व्यवहारात त्या ध्वनींचे नियम काय होते, याची तौलनिक नोंद केल्यास अनुकरण कोठे संपते आणि विडंबन कोठे सुरू होते हे पुराव्याने सांगता येईल. कोणाची भाषा कोणी बोलावी हा वाद केवळ रुचीचा नाही. वाँगच्या बाबतीत तो उपजीविकेचा होता, आणि विल्यम्सच्या बाबतीत स्वतःच्या तोंडाचा.