शिक्का नोटरीचा, घर कुणाचं?

"नोटरी केलीय ना, मग कशाला घाबरता?" गुंठाभर जागा विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. आणि लोक आयुष्यभराची कमाई त्या लाल शिक्क्यावर सोपवून मोकळे होतात. हा शिक्का आला कुठून, ते एकदा बघाच.

इंग्लंडात नोटरी नेमायचा अधिकार आधी पोपकडे होता. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ च्या कायद्याने तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला. पुढे भारतातले नोटरीही आर्चबिशपच्याच न्यायपीठाचा 'मास्टर ऑफ फॅकल्टीज' नेमू लागला. म्हणजे इथल्या व्यापाऱ्याच्या कागदावर शिक्का मारणाऱ्याची सनद विलायतेतल्या धर्मपीठाची! १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याने इथल्या सरकारला नोटरी नेमता येऊ लागले, पण मर्यादित कामापुरतेच. गंमत म्हणजे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं हेच चालू होतं. आपला नोटरी कायदा १९५२ चा, तोही लागू झाला १४ फेब्रुवारी १९५६ ला.

त्यात कामं कोणती दिलीत? सही त्याच माणसाची आहे हे प्रमाणित करणं, शपथ देणं, वचनचिठ्ठी वटली नाही तर तशी नोंद करणं, जहाजावरच्या दुर्घटनेचं निवेदन लिहून घेणं. सगळा व्यापार आणि बंदराचा वारसा. जमिनीची मालकी देणं यात कुठेच नाही. ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे: शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत दस्तच लागतो. तो होतो दुय्यम निबंधकाकडे.

(गोव्याची गोष्ट निराळी. पोर्तुगीज पद्धतीत नोटरी स्वतः दस्त लिहितो आणि मूळ दस्त त्याच्याच वहीत राहतो. २०१२ च्या गोवा कायद्यातला 'स्पेशल नोटरी' त्याच परंपरेतला.)

प्रतिज्ञापत्र किंवा मुखत्यारपत्रासाठी नोटरीकडे जरूर जा. पण सही घरून करून नेऊ नका, ती त्याच्यासमोरच करायची. मूळ ओळखपत्र न्या, लागत असतील तर साक्षीदारही न्या. त्याच्या रजिस्टरमध्ये नोंद करा, तिथेही सही करा आणि नोंदीचा क्रमांक कागदावर आला का ते पाहा. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते, ती संपली नाही ना हेही विचारा. विचारायला लाजू नका.

आणि जागा घेताना समोरचा "रजिस्ट्री नंतर करू, आत्ता नोटरी करू" म्हणाला, तर विसार देण्याआधी रजिस्ट्री आत्ताच का होत नाही, हे त्याच्याकडून कागदावर मागा.