घड्यातला गाळ

सुश्रुताने अश्मरीला, म्हणजे आपल्या मुतखड्याला, मोठा घरगुती दाखला दिला आहे. नव्या घड्यात स्वच्छ पाणी भरून ठेवले तरी कालांतराने तळाशी गाळ बसतोच. शरीरातला खडाही तसाच धरतो. शस्त्र चालवणे हा त्याच्या मते अखेरचा उपाय. हात कितीही कुशल असला तरी यशाची खात्री नाही, म्हणून राजाची परवानगी घेऊनच वैद्याने या कामाला हात घालावा, असे तो बजावतो.

ही धास्ती खोटी नव्हती. लंडनच्या सॅम्युएल पेपिसने २६ मार्च १६५८ रोजी, भुलीचे औषध नसलेल्या त्या काळात, मूत्राशयातला खडा कापून काढवला आणि तो वाचला. पुढे तो दिवस मेजवानीने साजरा करण्याचा त्याने परिपाठ ठेवला. खडाही डबीत जपला. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाची ती दिवाळीच होती!

पण घड्यात गाळ बसतो का, हे कोडे उरलेच. १७९७ साली वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवले की, सगळे खडे एका जातीचे नसतात. काही युरिक आम्लाचे, काही कॅल्शियम ऑक्झलेटचे, तर काहींत मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट यांचे त्रिकूट असते.

या त्रिकुटाची पुढची भेट झाली ती चक्क देवळाच्या पायात! १८४२ च्या आगीनंतर हँबुर्गमध्ये सेंट निकोलस चर्च नव्याने उभारताना, जुन्या शेणखताने मुरलेल्या जमिनीत स्फटिक सापडले. उलेक्स या रसायनज्ञाने त्यांना फोन स्ट्रुव्ह या खनिजप्रेमी मुत्सद्द्याचे नाव देऊन ‘स्ट्रुव्हाइट’ म्हटले. खतात काय आणि माणसाच्या मूत्रपिंडात काय, क्षार एकच!

मग दोन्हींकडे अमोनिया येतो कोठून? गोठ्यात शिरताच नाकाला झोंबणारा वास हेच त्याचे उत्तर. मूत्रातल्या युरियापासून अमोनिया करणे ही सूक्ष्म जंतूंची करणी आहे, हे पाश्चरच्या प्रयोगशाळेतून १८६० नंतरच्या दशकात पुढे आले. १८८५ साली हाउझरने अशाच एका जंतुकुळाला ‘प्रोटियस’ नाव दिले. ग्रीक पुराणातला प्रोटियस आपल्या राक्षसांसारखा कामरूपी, हवे ते रूप घेणारा. १९०१ साली ब्राउन या अमेरिकन डॉक्टरने या जंतूंचा खड्यांशी संबंध जोडला.

जंतूंचे हत्यार म्हणजे युरिएज. १९२६ साली सम्नरने आपल्या अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या दाण्यांतून ते स्फटिकरूपात वेगळे केले. लहानपणी शिकारीच्या अपघातात डावा हात गमावलेला हा माणूस मुळात डावखुरा. १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचा तो वाटेकरी झाला. युरिएज युरिया फोडते, अमोनियाने मूत्र अल्कधर्मी होते, आणि एरवी विरघळलेले क्षार भराभर साका धरतात. बघता बघता सांबराच्या शिंगासारखा फाटे फुटलेला खडा मूत्रपिंड व्यापून टाकतो.

सगळेच खडे असे नसतात. बहुतेक कॅल्शियमचेच असतात. पण हे थोडे फार कावेबाज! जंतू खड्याच्या पोटात दडतात, तेथे औषध पोचत नाही. कपचा मागे राहिला, तर त्यातूनच नवा खडा वाढतो आणि अखेर मूत्रपिंडावर बेतते. म्हणून डॉक्टर औषधाबरोबर सगळा खडा काढण्याचा आग्रह धरतात. दिवाळीत घर झाडताना गृहिणी कोपऱ्यातला केरही सोडत नाही, तसेच हे.

सुश्रुताचा दाखला खराच होता. त्याला दिसला नव्हता तो फक्त घड्यात बसून गाळ धरवणारा कामरूपी.