दिवस कोठे उलटतो?

पेणचे मूर्तिकार भाद्रपदातल्या चतुर्थीकडे डोळे लावून वर्षभर राबतात. रोह्याला धावीरमहाराजांची पालखी दसऱ्याच्या हिशेबाने निघते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. मी वर्गाच्या फळ्यावर लिहितो ती तारीख मध्यरात्री. खगोलशास्त्रज्ञांचा दिवस मात्र 1924 अखेरपर्यंत भर दुपारी बाराला सुरू होई!

ही नुसती गंमत नव्हे. 1 सप्टेंबर 1859 रोजी दुपारच्या किंचित आधी इंग्लंडात कॅरिंग्टन यांना सूर्यावर लख्ख झोत दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी, 2 तारखेच्या सकाळी, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकांवर प्रचंड वादळ उमटले. ग्रिनिचला तेव्हा पहाटेचे पाच. पण खगोली रिवाजाने तारीख 1, तास 17. संगणकाने ते ‘1 तारखेचे संध्याकाळचे पाच’ असे वाचले, तर बारा तास गळतात आणि पंधरा कोटी किलोमीटर तोडून आलेल्या वादळाचा वेग तिपटीहून अधिक फुगतो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे चुंबकीय वेध आमच्या जिल्ह्यात अलिबागला आले. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन आकडे ताडून पाहिले गेले. केवढी ही सावधगिरी!

संगणकाचीही परीक्षा तशीच घ्यावी. 28 फेब्रुवारी 1900 नंतर तो थेट 1 मार्च दाखवतो ना? 2000 साली मात्र 29 फेब्रुवारी देतो ना? ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाचची वेळ, हे त्याला ठाऊक आहे ना? उत्तरे बरोबर आली, तरच रात्ररात्र जागून आकडे टिपणाऱ्यांचे कष्ट सार्थकी लागतील.