शैक्षणिक खेळांतील अध्ययन-विदा

शैक्षणिक खेळांतील अध्ययन-विदा म्हणजे संगणक वा टॅब्लेटवरील शैक्षणिक खेळ खेळताना विद्यार्थ्याने दिलेली उत्तरे, केलेले प्रयत्न, घेतलेली मदत आणि लागलेला वेळ यांची आपोआप होणारी नोंद. ही नोंद शिक्षकास उपयोगी पडेल अशा रूपात मांडणे हा अध्ययन-विश्लेषण या अभ्यासक्षेत्राचा भाग आहे. महाराष्ट्रातील सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या परिभाषेत ही नोंद आकारिक मूल्यमापनाचे साधन ठरू शकते.

मांडणी

सर्वांत सोपी मांडणी टक्केवारीची. वर्गात तिचा उपयोग मात्र थोडाच. ५२ − २७ या वजाबाकीचे उत्तर एकाने ३५ व दुसऱ्याने २६ दिले, तर दोघांनाही शून्य गुण मिळतात. पहिल्याने दोन्ही स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला दिसतो. दशक सुटा करण्याची कल्पना त्याला पुन्हा समजावावी लागेल. दुसऱ्याची चूक बहुधा मोजणीतील आहे. त्यामुळे मूळ उत्तरे दाखवणारा आणि समान चूक करणाऱ्यांचे गट पाडणारा तक्ता शिक्षकास अधिक उपयोगी पडतो. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील, तर तो एका पानात मावणेही आवश्यक असते.

वेळेची नोंद फसवी असते. जास्त वेळ लागला याचा अर्थ मूल अडले, विचार करीत राहिले किंवा नुसतेच उठून गेले, असा कोणताही असू शकतो. एकच टॅब्लेट अनेकांनी वापरल्यास नोंद नेमकी कोणाची, हाही प्रश्न उरतो.

भारतातील वापर

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने टाटा न्यास व अमेरिकेतील एमआयटी यांच्यासह २०१५ मध्ये 'क्लिक्स' हा उपक्रम सुरू केला. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम व तेलंगणातील शासकीय शाळांत तो राबवला गेला. त्यात 'पोलीस क्वाड' हा भूमितीचा खेळ होता. इंटरनेट नसतानाही काम चालावे म्हणून शाळेतच सर्व्हर ठेवला जाई.

महाराष्ट्रात मालेगाव तालुका ज्या वाशिम जिल्ह्यात येतो, तो २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आहे. तेथील क्रमवारीत शिक्षणाला ३० टक्के भार आहे. मात्र अशा क्रमवारीसाठी वर जाणारी जिल्ह्याची एकत्रित आकडेवारी आणि वर्गशिक्षकाला हवी असलेली एकेका मुलाची नोंद या भिन्न गोष्टी आहेत.

गोपनीयता

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या विदेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. विशिष्ट संस्थांना व प्रयोजनांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे.