मंत्रालय न गेलेलं शहर

ऑफिसला जाताना हार्बर लोकल वाशीची खाडी ओलांडते, तेव्हा मी दर वेळी एक हिशोब करतो. ही रेल्वे इथे आली १९९२ साली. आणि शहराची कल्पना? १९६५ ची!

तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल (हे आपल्यातले, सिव्हिल इंजिनियर!) यांनी 'मार्ग' नियतकालिकात मांडलं होतं, की सकाळी अख्खी मुंबई दक्षिणेला धावते नि संध्याकाळी उत्तरेला परतते. यावर उपाय एकच, खाडीपलीकडे नवं शहर वसवा आणि नोकऱ्याही तिकडेच न्या. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, २० लाख वस्तीचा आराखडा झाला, १९७३ मध्ये खाडीपूलही आला.

पण या प्लॅनची खरी डिपेन्डन्सी वेगळीच होती. आधी सरकारने स्वतः तिकडे जायचं होतं. ते काही गेलं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उठले. मग घरं पलीकडे, नोकरी अलीकडे... आणि मध्ये कित्येक वर्षं रेल्वेच नाही!

जमिनी मात्र वेळेत गेल्या. ९५ गावांच्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मधल्या गोळीबारात पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा त्यानंतर मान्य झाला.

आमच्याकडे रिलीज आठवडाभर लांबला तरी मीटिंगांवर मीटिंगा होतात. इथे उशिराची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना मीटिंगला कुणी बोलावलंच नव्हतं.