देखणा इन्व्हर्टर आणि हलती जमीन

इन्व्हर्टर-बॅटरी ही घरातली कुरूप वस्तू आहे, तेव्हा तिला एकतर शोभेची करा, नाहीतर नजरेआड करा, असे मत हल्ली रूढ झाले आहे. घरसजावटवाले ते सांगतात, विक्रेते सांगतात, आणि आता अभियंतेही सांगू लागले आहेत. २०१५ साली टेस्ला कंपनीने घरगुती बॅटरी बाजारात आणली ती भिंतीवर टांगायची गुळगुळीत, रंगीत वस्तू म्हणूनच. आपल्याकडेही इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी एकाच पांढऱ्याशुभ्र खोक्यात मिळू लागल्या आहेत.

या मताला आधार नाही असे नाही. चाकांच्या ट्रॉलीवर काळी बॅटरी, वर घरघरणारे खोके, लाल-काळ्या वायरी, लादीवर अ‍ॅसिडचे डाग आणि हे सगळे खाटेशेजारी. रोज पाहणाऱ्याला ते का आवडावे? ‘गरजेच्या वस्तूला रूप कशाला’ हा प्रतिवाद तर मला उर्मट वाटतो. रूपाची हौस काही फ्लॅटवाल्यांनाच दिलेली नाही. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. रूप म्हणजे वरचे आवरण, हे गृहीतकच मला मान्य नाही, आणि ते तपासायला आमच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीइतकी चोख जागा शोधून सापडायची नाही.

  

पहिला मुद्दा जमिनीचा. नोव्हेंबर २०१८ पासून या दोन तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. इथल्या धुंदलवाडी गावाचे नाव तेव्हा महाराष्ट्रभर पोचले. फेब्रुवारी २०१९च्या पहिल्याच दिवशी चार रिश्टरच्या वरचा धक्का बसला, भिंतींना तडे गेले आणि माणसे थंडीत अंगणात, तंबूत झोपली. आता नेहमीची दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आम्लासकट पन्नास-साठ किलोंची असते. ‘दिसू नये’ म्हणून ती माळ्यावर किंवा दाराच्या वरच्या फळीवर चढवणे म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर शिसे आणि गंधकाम्ल टांगणे. तिची जागा जमिनीलगतच, आणि ट्रॉलीच्या चाकांना खीळ हवी. भिंतीवरच्या देखण्या पेटीचीही तीच गत. टेस्लाची ती पहिली बॅटरी शंभर किलोंच्या आसपास होती. कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा गिलावा, अशा भिंतीत तिचा खिळा ठोकायचा कुठे? डहाणूच्या किनाऱ्यावरच्या बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांतल्या जुन्या इराणी बंगल्यांच्या भिंती हे वजन पेलतील. पण तालुका काही त्या बंगल्यांपुरता नाही.

दुसरा मुद्दा लपवण्याचा. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणजे बंद कपाट हे तिचे घर नव्हेच. शिवाय किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर बुरा चढतो, पाण्याची पातळी उतरते, डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. जी वस्तू दिसत नाही तिच्यात पाणी कोणी घालत नाही. झाकणावरचा पातळी दाखवणारा तरंगता दर्शक रोज येता-जाता डोळ्यांसमोर असणे, हाच त्या बॅटरीच्या आयुष्याचा विमा.

तिसरा मार्ग आमच्याकडचे लोक हटकून सुचवतात: खोक्यावर वारली चित्र छापा, म्हणजे ‘स्थानिक’ झाले! पण वारल्यांच्या लग्नातले चौकाचे चित्र सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, त्यात पालघट देवी बसते, लग्नविधी करणारी धवलेरी गाणी म्हणते. त्याला कार्य आहे, वेळ आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणि जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली. तेही चित्रकार म्हणून, वेष्टनाचे छपाईवाले म्हणून नव्हे. प्लास्टिकवर चिकटवलेला तारपा नाच बॅटरीला एका ग्रॅमनेही हलकी करत नाही.

मग रूप आणायचे कुठून? माझे उत्तर: भारातून. इन्व्हर्टर बोजड दिसतो कारण तो बोजड असतो, आणि बोजड असतो कारण आपण त्याच्यावर जुने दिवे-पंखे लादतो. चार ट्युबलाइट आणि दोन साधे पंखे तीनशे वॅटच्या पुढे जातात. त्याऐवजी नऊ वॅटचे चार एलईडी आणि तीस वॅटचा एक बीएलडीसी पंखा घ्या: सगळे मिळून सहासष्ट वॅट. पाच तासांना ३३० वॅट-अवर, म्हणजे युनिटचा तिसरा हिस्सा. एवढ्याला बारा व्होल्टची, पन्नास अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ऐसपैस पुरते, आणि ती सहा किलोंच्या आतबाहेर असते. धान्याच्या छोट्या डब्याएवढी ही वस्तू, चार बुटक्या पायांवर, सारवलेल्या ओलसर जमिनीपासून वीतभर वर. जमीन हलली तर एका हाताने उचलून अंगणात नेता येते आणि तिथेही दिवा देते. तिला मुखवटा लागत नाही.

याने फ्रिज चालणार नाही, हा आक्षेप खरा आहे. चिकूवाडीतल्या होमस्टेला फ्रिज हवाच. तिथे मोठी बॅटरी ओटीवर, हवेशीर आडोशाला, जमिनीवर ठेवावी आणि खुशाल दिसू द्यावी. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. जुनी शिशाची बॅटरी भंगारात पैसे देऊन जाते, दुकानदार नवीच्या किमतीतून तेवढे वजा करतो. लिथियमची अशी घडी अजून बसलेली नाही. ती बसेपर्यंत महाग बॅटरी दुरुस्त होणे जास्त गरजेचे, आणि नेमके तिथेच देखण्या खोक्यांचे कारखानदार घोटाळा करतात. सलग दिसावे म्हणून स्क्रू लपवतात, जोड डिंकाने सांधतात. इथल्या कासा गावच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला ते फोडावेच लागते. चार स्क्रू समोर ठेवा, त्यांच्याभोवती रंग हवा तो द्या.