उंबराचे फूल चीनला गेले त्याची गोष्ट

फार दिवसांनी कोणी भेटले की आपण म्हणतो, "काय गं, उंबराचं फूल झालीस!" हेच फूल सोळाशे वर्षांपूर्वी चीनला पोचले आणि तिथल्या म्हणीत जाऊन बसले.

म्हण अशी: थान-ह्वा यी-श्येन. म्हणजे थानचे फूल एकदा दिसले नि गेले. सुख किंवा नावलौकिक क्षणभर टिकला की चिनी लोक असे म्हणतात. 'ह्वा' म्हणजे फूल आणि 'थान' हा आपल्या 'उदुंबर' शब्दाचा चिनी जिभेवर उरलेला तुकडा.

हा शब्द तिथे रुजवण्यात कुमारजीवांचा मोठा वाटा. वडील भारतातले, आई जीवा ही मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या. मुलाच्या नावात आईचे नाव आहे, हे आपण लक्षात ठेवू. जीवा भिक्षुणी झाली आणि नऊ वर्षांच्या लेकाला शिकवायला डोंगर ओलांडून काश्मीरला घेऊन आली. पुढे चिनी सेनापतीने कुचा जिंकले आणि कुमारजीव सुमारे १७ वर्षे अडकून पडले. त्या काळात ते चिनी शिकले. ४०१ साली ते राजधानी चांगआनला पोचले आणि ४०६ साली त्यांनी 'सद्धर्मपुंडरीक' सूत्राचे भाषांतर केले. बुद्धाचा उपदेश उंबराच्या फुलासारखा क्वचितच लाभतो, असे त्यात येते.

म्हणजे मूळ अर्थ 'दुर्मीळ' असा होता. उंबराचे फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच फुलते. चिमुकल्या माश्या आत शिरून परागीकरण करतात. पुढे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे एक निवडुंग चीनमध्ये आले. रात्री उमलणारे, सकाळी मान टाकणारे. लोकांनी त्यालाच थान-ह्वा म्हटले. आज म्हण ऐकली की चिनी माणसाला तेच फूल आठवते, आणि अर्थ 'क्षणिक' असाच लागतो. आपण कुंडीत लावतो आणि 'ब्रह्मकमळ' म्हणून शेजारणींना बघायला बोलावतो, ते हेच. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ वेगळे.

दुर्मीळ आणि क्षणिक यांत फरक आहे. क्षणिक म्हटले की आपण हळहळतो. दुर्मीळ म्हटले की जागे राहतो. कुमारजीवांना चांगआनमध्ये जेमतेम दहाएक वर्षे मिळाली, कैदेत गेली त्याहून कमी. पण तेवढ्यात त्यांनी केलेली भाषांतरे चीन-जपानमध्ये आजही म्हटली जातात.

आपल्या वाट्याला निवांत असा काळ थोडाच येतो. घरचे आटोपून गटात बसलेली एक दुपार, माहेरचे चार दिवस. ते संपणार म्हणून आधीच उसासे टाकू नयेत. आले आहेत तोवर डोळे भरून बघावेत, आणि हाती घेतलेले एखादे काम पुरे करावे.